भाडे घेता, मग दारावर थांबा!



दर महिन्याला ठरल्या तारखेस घरभाडे मोजून देणारा माणूस त्या घरात कोणाच्या मेहेरबानीने राहतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी आजवर चुकीचे दिले आहे. घर मालकाचे आहे, त्याने राहू दिले म्हणून आपण राहतो. तो येईल तेव्हा दार उघडावे, तो पाहील ते पाहू द्यावे आणि तो जाईपर्यंत भिंतीला लागून उभे राहावे, असे आपण धरून चाललो आहोत. गावात पाटलाच्या वाड्यासमोर आपले वाडवडील ज्या रीतीने मान खाली घालून उभे राहत, त्याच रीतीने आपण आज शहरात, आपण पैसे मोजून घेतलेल्या खोलीत, आपल्या बायकामुलांच्या देखत उभे राहतो. दीक्षा घेतेवेळी जे जोखड आपण मानेवरून उतरविले, ते घरमालकाच्या पायरवासरशी पुन्हा आपल्या हातांनी मानेवर ठेवतो. हा लेख या लाचारीविरुद्ध आहे.

हा प्रकार कसा घडतो हे निराळे सांगावयास नको. मुंबईच्या उपनगरात, ठाण्यात, पुण्यात, नाशकात, नागपुरात एखादे कुटुंब अकरा महिन्यांच्या करारावर राहावयास येते. अनामत रक्कम दिलेली असते, दलालाची दलाली चुकती केलेली असते. थोड्याच दिवसांत मालक, त्याचा मुलगा किंवा तो दलाल दाराशी येतो. कधी दार वाजवितो, कधी वाजवीतही नाही, कारण दुसरी किल्ली त्याच्या खिशात असते. घरधनी कामावर गेलेला, बाई एकटी, मूल झोपलेले. ‘जरा घर बघून जातो’ एवढे बोलून तो आत शिरतो. भिंतीची ओल आणि नळाची गळती पाहावयास पाच मिनिटे पुरतात. परंतु तो स्वयंपाकघरात जातो, चुलीवरच्या भांड्याचे झाकण उचलतो, उघड्या कपाटात डोकावतो, पाहुणे कोण, कोठले, किती दिवस राहणार, याची चौकशी करतो. कराराची मुदत संपत आली असेल तर पुढचे गिऱ्हाईकही सोबत आणतो आणि आपल्या अंथरुणावरून नजर फिरवीत ते दोघे भाव ठरवितात.

प्रस्तुत लेखक या बाबतीत निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका उपनगरात भाड्याने राहत होतो. मालक महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी सकाळी, न कळविता येत असे. जिन्यावरचा त्याच्या चपलांचा आवाज घरात सर्वांच्या ओळखीचा झाला होता. तो आवाज आला की मी भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून कपाटात ठेवीत असे. भगवान बुद्धांची लहान मूर्ती मात्र तशीच राहू देत असे, कारण ती शोभेची वस्तू म्हणून खपून जाई. एका रविवारी मी उठण्यापूर्वीच माझ्या सात वर्षांच्या मुलीने खुर्चीवर चढून तसबीर काढली आणि माझ्या हाती आणून दिली. तिला हे कोणी शिकविले नव्हते. ती पाहून शिकली होती. भाडे भरून मी मुलीला कोणते शिक्षण देत आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर मी मालकाला एक पत्र लिहिले. त्याचा मजकूर आणि त्याचा परिणाम पुढे सांगणार आहे. तत्पूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहू.

कायद्याने घातलेली कुंपणे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे २८ वे कलम जेमतेम एका वाक्याचे आहे. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची तपासणी करण्याचा हक्क ते मालकास देते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वाक्यात त्या हक्काला दोन कुंपणे घातली आहेत. तपासणीची वेळ वाजवी असली पाहिजे आणि भाडेकरूस, लायसन्सधारकास किंवा जागेत राहणाऱ्यास पूर्वसूचना दिलेली असली पाहिजे. म्हणजे, मालकाला येण्याचा हक्क आहे, परंतु केव्हाही येण्याचा हक्क नाही. त्याला पाहण्याचा हक्क आहे, परंतु तो जागा पाहण्याचा आहे. जागेत राहणाऱ्यांची भांडी, कपडे, पाहुणे आणि देवघर किंवा देवघराचा अभाव, यांपैकी काहीही त्या हक्कात बसत नाही.

येथे एक चलाख मालक म्हणेल, ‘तुम्ही भाडेकरू नाहीच. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. जागेचा ताबा माझाच आहे. तुम्हाला मी फक्त वापरू दिले आहे.’ हा युक्तिवाद अनेकांना गप्प करतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्सने जागेत मालकीचा हितसंबंध निर्माण होत नाही, हे खरे. परंतु २८ व्या कलमाने नेमका हाच पळवाटेचा दरवाजा बंद केला आहे. त्यात भाडेकरूबरोबर लायसन्सधारकाचे नाव स्पष्ट घातलेले आहे. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या राहणारा म्हातारा असो की अकरा महिन्यांच्या करारावर काल आलेले जोडपे असो, पूर्वसूचनेचा हक्क दोघांना सारखाच आहे.

जुन्या कायद्यातही ही दृष्टी होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात मालकाने वाजवी वेळी येऊन जागेची स्थिती पाहावी आणि दोष आढळल्यास तसे कळवावे, अशी तरतूद आहे. तेच कलम असेही सांगते की, भाडे देणाऱ्या आणि करार पाळणाऱ्या भाडेपट्टेदारास ती जागा विनाव्यत्यय उपभोगू देण्यास मालक बांधलेला आहे. भाडे म्हणजे या निर्वेधपणाची किंमत होय. जो भाडे घेतो आणि निर्वेधपणा देत नाही, तो माल न देता पैसे घेणारा दुकानदार आहे.

आणखी पुढे जाऊ. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३२९ वे कलम गृह-अतिक्रमणाविषयी आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील घरात, तेथे राहणाऱ्यास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम हेतू विचारते, ताबा विचारते. घर कोणाच्या नावावर आहे हा त्याचा मुख्य प्रश्न नाही. प्रत्येक आगंतुक भेट हा गुन्हा ठरेल असे कोणी समजू नये. परंतु मालकीचा कागद हा अपमानाचा परवाना नव्हे, एवढे या कलमावरून स्पष्ट होते.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. पूर्वसूचना किती तासांची असावी आणि ती लेखी असावी की तोंडी चालेल, हे २८ वे कलम सांगत नाही. या उणिवेवर उपाय म्हणून एक मापदंड आपल्या हाती आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात असे म्हटले आहे की, मालकाने किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, तीत येण्याचे कारण, दिवस आणि वेळ नमूद करावी, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर येऊ नये. आग, पूर, भूकंप अशा आपत्तीत मात्र सूचनेवाचून येता येते. हा आदर्श मसुदा आहे. राज्याने तसा कायदा केल्याखेरीज तो त्या राज्यात बंधनकारक होत नाही. परंतु वाजवी म्हणजे काय, असे कोणी विचारले तर देशाच्या सरकारने वाजवी कशास मानले आहे, हे आपण बोट दाखवून सांगू शकतो.

मालकांचे चार प्रश्न

पहिला प्रश्न असा की, ‘घर माझे, मग मला माझ्याच घरात जाण्यास बंदी कशी?’ याचे उत्तर सोपे आहे. त्याने मालकी स्वतःकडे ठेवली आणि वापर विकला. विकलेला वापर आणि मिळालेले भाडे दोन्ही त्यास हवे असेल, तर तो व्यवहार नव्हे, ती सरंजामी झाली.

दुसरा प्रश्न नुकसानीचा. ‘भाडेकरू घराची नासाडी करतील, म्हणून पाहावे लागते.’ नुकसानीची हमी म्हणून अनामत रक्कम त्याने आधीच घेतली आहे. शिवाय पाहू नये असे कोणीच म्हणत नाही. कळवून यावे, एवढेच म्हणणे आहे. फुटलेली फरशी चोवीस तासांत जुळून येत नाही आणि भिंतीची ओल नोटीस वाचून वाळत नाही. ज्या गोष्टी चोवीस तासांत नाहीशा होतात त्या म्हणजे पाहुणे, भांड्यातले कालवण आणि भिंतीवरची तसबीर. अवचित येणाऱ्यास नेमके हेच पाहावयाचे असते.

तिसरा प्रश्न मोठा साळसूद आहे. ‘लपविण्यासारखे काही नसेल तर भय कशाचे?’ आमचा उलट प्रश्न असा की, ज्या बँकेने या मालकास घरासाठी कर्ज दिले, जिच्याकडे हेच घर तारण आहे, तिचा मॅनेजर रविवारी सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकण उचलू लागला तर तो काय म्हणेल? लपविण्यासारखे काही नसतानाही माणूस दार लावून घेतो, कारण दार लावणे हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग आहे. तो निर्णय मुख्यतः शासनसंस्थेच्या संदर्भातला आहे. परंतु जे शासनानेही करू नये, ते चार खोल्यांच्या मालकाने करावे, हे कोणते तत्त्वज्ञान?

चौथा प्रश्न हा प्रश्न नसून धमकी आहे. ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा.’ ही धमकी पोकळ नाही, हे आपण सर्व जाणतो. आडनाव ऐकून ‘जागा कालच गेली’ असे सांगणारे दलाल आपल्याला भेटलेले आहेत. म्हणूनच हा विषय एकट्या भाडेकरूचा राहत नाही. तो आपल्या समाजाचा होतो.

ही तपासणी कशाची?

सर्वच भाडेकरूंना हा त्रास होतो, मग त्यात जात कशाला आणता, असे काही सुशिक्षित मित्र विचारतील. त्यांना आम्ही १९१७ सालच्या वडोदऱ्याची आठवण देतो. परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास तेथे गेले. कोणी जागा देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. दररोजचे भाडे ते देत होते. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा माणसे काठ्या घेऊन जिना चढून त्यांच्या खोलीशी आली, तू कोण, असे त्यांनी विचारले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम दिला. ती माणसे खोलीची भिंत तपासावयास आली नव्हती. ती माणूस तपासावयास आली होती. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

आज काठ्या नसतात. ‘जरा घर बघून जातो’ हे शब्द असतात. परंतु नजर फिरते ती कोठे? स्वयंपाकघरात मांस शिजते का, भिंतीवर कोणाची तसबीर आहे, लग्नपत्रिकेवर कोणते आडनाव आहे, येणारे नातेवाईक कोणत्या बोलीत बोलतात. ओल आणि गळती हे निमित्त आहे. सोवळ्याओवळ्याचा हिशेब हा हेतू आहे. अन्य भाडेकरूच्या घरी अवचित शिरणारा मालक त्याच्या खाजगीपणाचा भंग करतो. आपल्या घरी तो शिरतो तेव्हा खाजगीपणाच्या भंगाबरोबर विटाळाची झडतीही होते.

याविरुद्ध कायदा मुका नाही. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा मानतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या जागेवरील हक्कांच्या उपभोगात बेकायदा ढवळाढवळ करणे हे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बसते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना १९९० च्या दुरुस्तीने हा दर्जा मिळालेला आहे. मात्र हे शस्त्र जपून वापरावयाचे आहे. मालक न कळविता आला, एवढ्याने तो कायदा लागत नाही. त्रासाचे मूळ जातीत आहे हे दाखविता आले पाहिजे. म्हणून तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द आणि ऐकणारे साक्षीदार यांची नोंद ज्या त्या दिवशी वहीत करून ठेवा. नोंदीवाचून केलेली तक्रार ही बिनपावतीच्या भाड्यासारखी असते.

मग करावयाचे काय?

सही करण्यापूर्वी करार वाचा. दलाल आणतो त्या छापील मसुद्यात ‘मालकास केव्हाही जागेत प्रवेश करता येईल’ असे वाक्य असल्यास ते खोडावयास सांगा आणि त्या जागी लिहा की, मालक किमान २४ तास आधी लेखी कळवून, दिवसा, सांगितलेल्या कारणापुरता येईल. व्हॉट्सॲपवरचा निरोप लेखी सूचना म्हणून चालेल, असेही त्यात घाला. मालकाची सोय पाहण्यात आपली हानी नाही. दुसरी किल्ली कोणाकडे आणि कोणत्या प्रसंगी वापरावयाची, हेही लिहून घ्या.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार लेखी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तुमची पूर्वसूचनेची मागणी ऐकून मालकाने सूड म्हणून पाणी वा वीज तोडली, तर २९ वे कलम ते पुरेशा कारणावाचून तोडण्यास मनाई करते आणि न्यायालयाकडून पुरवठा पूर्ववत करून घेता येतो.

आपली बाजूही स्वच्छ ठेवा. भाडे वेळेवर द्या आणि पावती मागा. नोटीस देऊन, योग्य वेळी, योग्य कारणासाठी मालक आला तर त्यास अडवू नका. नळ फुटून खालच्या मजल्यावर पाणी गळत असेल तर नोटीस मागत बसू नका. हक्काच्या नावाखाली आडमुठेपणा करणारा भाडेकरू आपल्या सर्वांचा खटला कमकुवत करतो.

आता ते पत्र. त्याचा मजकूर असा होता: ‘आपण आपल्या जागेची पाहणी करावी यास माझी हरकत नाही. तथापि यापुढे येण्यापूर्वी किमान एक दिवस आधी लेखी कळवावे, कारण व वेळ नमूद करावी, आणि मी किंवा माझी पत्नी घरी असताना दिवसा यावे. कायद्याने आपणांवर पूर्वसूचनेचे बंधन आहे, याची नम्र आठवण देत आहे.’ पत्राची एक प्रत मी जवळ ठेवली. मालकाने उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी चपलांचा आवाज आला नाही, त्याच्या पुढच्याही आला नाही. मुदत संपल्यावर त्याने करार वाढविला नाही. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडावी लागते, आणि आम्ही सोडली. दुसरे घर मिळेपर्यंत दोन महिने मेहुण्याकडे काढले. हे मी मुद्दाम सांगतो. हक्क मागण्याची किंमत पडत नाही असे सांगणारा पुढारी तुमची फसवणूक करतो. परंतु शेवटचे सहा महिने त्या घरातली तसबीर भिंतीवरून हलली नाही आणि माझी मुलगी खुर्चीवर चढली नाही.

ही किंमत एकट्याने मोजावी लागू नये, हे आपल्या हाती आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास भाडेकरूंचे करार वाचण्यासाठी ठेवा. समाजातील वकिलांनी तेथे बसावे. कोणाकडे खोली रिकामी आहे, कोण जात न विचारता देतो, याची यादी तेथे असावी. ज्याला घराबाहेर काढले त्याला महिनाभर आसरा देणारी दहा कुटुंबे प्रत्येक वस्तीत पुढे यावीत. मग ‘दुसरीकडे जा’ ही धमकी राहणार नाही.

आपल्यातील घरमालकांना

शेवटचा शब्द स्वकीयांना. शिक्षणाने आणि नोकरीने आपल्यातील कित्येक आज घरमालक झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्यापैकी किती जण भाडेकरूला कळवून त्याच्या दारी जातात? बिहारहून आलेल्या मजुराच्या खोलीत, परिचारिकांच्या खोलीत, एकट्या राहणाऱ्या मुलीच्या घरात आपणही दुसरी किल्ली लावून शिरत नाही काय? ‘घर माझे आहे’ हे तेच वाक्य आपल्याही तोंडी येत नाही काय? ज्याने कालपर्यंत भिंतीला लागून उभे राहणे सोसले, त्याने आज दुसऱ्यास भिंतीला लावावे, यासाठी आपण धर्मांतर केले नाही. समतेची दीक्षा ही भाडेकरूसाठी एक आणि मालकासाठी दुसरी अशी नसते.

तेव्हा, वाचकहो, आज घरी गेल्यावर दोन कामे करा. भाड्याने राहत असाल तर करार काढून वाचा आणि मालकास पत्र लिहा. मालक असाल तर भाडेकरूच्या दाराची दुसरी किल्ली एका पाकिटात घालून त्यावर मोहर लावा, आणि आग किंवा पाणी याखेरीज ती फोडणार नाही असे त्यास लिहून द्या. दार ठोठावून आतल्या माणसाच्या ‘या’ची वाट पाहणे, एवढी साधी गोष्ट आहे. ती आपण मागू आणि आपण पाळू.

जय भीम!